उन्हाळ्यांत मोटारीचा एसी मंद कां होतो?

बैलाची चाल मंदावली म्हणजे जाणता शेतकरी लागलीच पराणी उचलीत नाहीं. तो प्रथम खूर पाहतो, मग खांदा पाहतो. मोटारीचा एसी मंदावला म्हणजे मात्र आपण "गॅस संपला" असा निकाल देऊन मोकळे होतों. हा निकाल पुष्कळदां चुकतो व त्याचा भुर्दंड आपणांसच बसतो. आम्हीं तो दोनदां सोसला आहे. सबब ही परीक्षा क्रमवार कशी करावी, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

सन २०२४ च्या मे महिन्यांत आमच्या वडील बंधूंस डायलिसिसकरितां आठवड्यांतून दोन वेळां जळगांवास न्यावें लागे. परततांना भर दुपार होई. गाडी धांवत असतांना एसी बरा चाले. परंतु रुग्णालयाच्या दारांत किंवा रेल्वे फाटकाशीं ती उभी राहिली कीं झरोक्यांतून उष्ण वारा येऊं लागे. बंधूंचा जीव कासावीस होई, आणि त्यांस पाणीही मोजून प्यावयाचें असल्यामुळें दुसरा उपाय नसे. एका गॅरेजांत गॅस भरविला. त्या आठवड्यांत आभाळ होतें, म्हणून गुण आल्यासारखें वाटलें. पुन्हां ऊन तापलें, पुन्हां गॅस भरविला, तों थंडावा पूर्वीपेक्षांही कमी झाला. शेवटीं एका वृद्ध रेडिएटर-मिस्त्र्यानें पुढील जाळींतून बॅटरीचा उजेड टाकला. कंडेन्सरच्या पात्यांत कापसाचे तंतू व भुसा बुरणुसासारखा जमला होता, आणि त्याचा पंखा फिरतच नव्हता. गाडी आम्ही खळ्याशेजारीं उभी करीत होतों, त्याचें हें फळ!

हें कसें घडलें तें समजण्यास यंत्राचें मर्म ध्यानांत घ्यावें. मातीच्या घड्यांतून पाझरलेलें पाणी वाफ होतांना घड्याची उष्णता घेऊन जातें, म्हणून आंतील पाणी गार होतें. एसींत पाण्याच्या जागीं बंद नळ्यांतील गॅस असतो. पुष्कळ गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाखालीं उणे २६ अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डामागील कॉइलमध्यें तो उकळतांना गाडींतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्यास दाबून रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्यें लोटतो. तेथें ती उष्णता बाहेरच्या वाऱ्यास देऊन गॅसाचा पुन्हां द्रव होतो. बाहेर ४४ अंश ऊन असतां हें काम मुळांतच जड. त्यांत कंडेन्सर कोंडलेला असला तर उष्णता जावी कोठें? धांवत्या गाडीस वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीस पंख्याचाच आधार. गॅस प्रमाणाबाहेर भरला तर कंडेन्सरमधील जागा द्रवानेंच अडते, दाब वाढतो व थंडावा आणखी घटतो. आमचें तसेंच झालें होतें.

आतां परीक्षेचा क्रम सांगतों.

१. गाडी उन्हांत तापली असेल तर कांचा उघडून दोन मिनिटें चालवावी. मग कांचा लावून आंतलीच हवा फिरविण्याचें बटण दाबावें. बाहेरचीच तप्त हवा आंत येत असेल तर त्यांत यंत्राचा दोष नाहीं.

२. वाऱ्याचा जोर पाहावा. ब्लोअर पूर्ण असूनही वारा कमी असल्यास केबिन फिल्टर धुळीनें भरला असेल. तो बहुधा डावीकडील कप्प्यामागें असतो. आरंभीं वारा चांगला येऊन तासाभरानें मंदावला, व एसी थोडा वेळ बंद ठेवितां पुन्हां सुटला, तर कॉइलवर बर्फ धरत आहे असें समजावें.

३. एसी चालू ठेवून कंडेन्सरचा पंखा फिरतो कीं नाहीं तें पाहावें. हा पंखा एकाएकीं सुरू होतो, म्हणून हात दूर ठेवावा.

४. कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" असा आवाज करून धरतो. तो मुळींच न धरल्यास फ्यूज व रिले तपासावे. गॅस फार कमी असल्यासही तो धरत नाहीं. क्षणाक्षणाला धरून सुटत असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यावा.

५. जाड नळी थंड व बारीक नळी गरम असावी. दोहोंत फरक न जाणवल्यास आणि सांध्यावर तेलकट डाग दिसल्यास गळती आहे असें समजावें.

गॅस हा डिझेलाप्रमाणें जळून संपत नाहीं. तो एका हंगामांतच कमी झाला, तर तो कोठेंतरी गळत आहे. गळती न शोधतां भरणें म्हणजे फुटक्या पाटांत पाणी सोडणें होय. भरविण्यापूर्वीं गळती तपासावी, पंपानें नळ्यांतील हवा व ओल काढावी, आणि बॉनेटखालील पट्टीवर लिहिला असेल तोच गॅस तेवढाच वजनानें भरावा. घरगुती सिलिंडरचा गॅस कोणी सुचविल्यास साफ नाकारावें. तो पेट घेतो. सांधे आपण होऊन सैल करूं नयेत. उडालेल्या द्रवानें कातडी व डोळे गारठून इजा होते.

कंडेन्सर धुतांना इंजिन थंड असावें व पाण्याची धार हलकी असावी. फवारणीच्या एचटीपी पंपाचा जोरदार फवारा मारूं नये. त्यानें पातीं वांकतात व वाट कायमची बंद होते.

महसूल खात्याच्या कारकुनींत पंचनाम्यावांचून निकाल देऊं नये, हें आम्ही शिकलों होतों; मोटारीच्या बाबतींत तें विसरलों. पंखा बदलून, कंडेन्सर धुवून व गॅस मोजून भरल्यावर फाटकाशीं उभ्या गाडींतही बंधूंस झोंप लागूं लागली. ज्यांच्या घरीं वृद्ध, रुग्ण अथवा तान्हीं मुलें आहेत, त्यांनीं ही परीक्षा वैशाखाची वाट न पाहतां फाल्गुनांतच उरकावी. आणि एसी कितीही चांगला असला तरी बंद गाडींत मूल क्षणभरही एकटें सोडूं नये.