फोर्कलिफ्ट : मागचं वजन आणि पुढचा माल

टोप्या शिवणारी कंपनी आणि फोर्कलिफ्ट यांचा काय संबंध, असं उद्या कुणी इंटरव्ह्यूला विचारलं तर हसू नका. २००३ साली कोरियातल्या यंग-अ‍ॅन हॅट या टोप्यांच्या कंपनीने अमेरिकेतली फोर्कलिफ्ट बनवणारी क्लार्क विकत घेतली. त्याआधी १९९२ मध्ये हा धंदा टेरेक्सकडे गेला होता आणि २००० साली कंपनीला दिवाळखोरीचा अर्जही करावा लागला. मालकांची ही यादी इथेच सोडू. खरी मजा सुरुवातीत आहे.

क्लार्कचा मूळ धंदा ड्रिल, अ‍ॅक्सल आणि चाकांचा. कारखाना मिशिगनमधल्या बुकॅनन गावात. वाळू आणि कास्टिंग एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये न्यायची कटकट रोजचीच. म्हणून १९१७ साली तिथल्या लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी पेट्रोलवर चालणारी एक गाडी जोडली, नाव ट्रक्ट्रॅक्टर. विकायचा विचारच नव्हता. पण कारखान्यात येणारे पाहुणे आपल्यालाही अशी गाडी द्या म्हणून मागे लागले. या पहिल्या गाड्यांना ब्रेक नव्हते! (हॉस्टेलच्या सायकल स्टँडवर आजही असे नमुने सापडतील.) १९२० साली क्लार्कने हायड्रॉलिकने माल उचलणारी ट्रकलिफ्ट आणली, आणि ओढणारी गाडी उचलणारी झाली.

आता उचलणं म्हटलं की फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आलंच. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा सी-सॉ. पुढचा अ‍ॅक्सल हा टेकू, पुढे माल, मागे काउंटरवेट, म्हणजे ओतीव लोखंडाचा जाडजूड ठोकळा. समजा गाडीचं वजन २७०० किलो आहे आणि तिचा गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या १ मीटर मागे आहे. मागचा मोमेंट झाला २७०० किलो-मीटर. फोर्कवर १५०० किलोचा खोका आहे. अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या उभ्या पाठीपर्यंत ०.४ मीटर, तिथून खोक्याच्या मध्यापर्यंत ०.५ मीटर. पुढचा मोमेंट १३५०. म्हणजे दुपटीची सेफ्टी, निवांत.

आता तेवढ्याच वजनाचा, पण दोन मीटर लांब खोका घ्या. मध्य १ मीटरवर गेला, पुढचा मोमेंट २१००. वजनात एक किलोची वाढ नाही, तरी सेफ्टी १.३ च्या खाली! त्यात कुणी जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हवेत. आणि स्टिअरिंग मागच्याच चाकांना असतं, तेव्हा गाडी वळणारही नाही. म्हणूनच गाडीवरच्या पाटीवर नुसते किलो लिहून भागत नाही, लोड सेंटरही लिहावं लागतं.

फोर्कलिफ्टला साजेसा जोडीदार म्हणजे पॅलेट. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन गावच्या जॉर्ज रेमंडने १९३९ साली दोन्ही बाजूंनी फळ्या असलेल्या लाकडी पॅलेटचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात ही जोडी रसदीच्या कामात सगळीकडे पोचली. आपल्याकडे विक्रोळीला गोदरेजने १९६० च्या दशकात फोर्कलिफ्ट बनवायला सुरुवात केली.

पण जीवावर बेतते ती बाजूला पडणारी गाडी. मागचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनवर डुलतो, त्यामुळे चार चाकं असली तरी गाडी तीन बिंदूंवरच उभी असते : पुढची दोन चाकं आणि ती पिन. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणात असेपर्यंत ठीक. मास्ट उंच ठेवून वेगात वळलात की तो बाहेर. रिकामी गाडीही उलटते, कारण पुढे माल नसल्याने गुरुत्वमध्य मागे, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकलेला असतो. हे बऱ्याच ऑपरेटरांना पटत नाही.

अशा वेळी माणूस सहज उडी मारतो आणि डोक्यावरच्या संरक्षक जाळीखाली सापडतो. माणूस चांगला चपळ असला तरी पडणारी गाडी त्याला गाठते. १९८३ साली क्लार्कने ऑपरेटरला सीटमध्येच धरून ठेवणारी बेल्टची व्यवस्था आणली ती यासाठीच. इन-प्लांट ट्रेनिंगला गेलात तर बघा, बेल्ट बहुधा सीटमागे गुंडाळून ठेवलेला असतो. गाडी कलायला लागली तर उडी नाही : बेल्ट लावलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले, आणि अंग पडत्या बाजूच्या उलट झुकवलेलं.