परमुलूख, करार आणि नाव : कपिलधारच्या परिसरातून एक वाचन

कामधंद्यासाठी परक्या प्रदेशात जाऊन पोचणे हा मराठी गद्यातील, विशेषतः आत्मचरित्रातील, एक वारंवार येणारा प्रसंग आहे. या प्रसंगाचा विचार सामान्यतः प्रवासवर्णनाच्या अंगाने होतो. नवे शहर, नवी हवा, नवे खाणेपिणे यांची वर्णने वेचली जातात आणि लेखकाच्या निरीक्षणशक्तीची प्रशंसा करून अभ्यासक थांबतो. परंतु नोकरीसाठी गेलेला मनुष्य प्रवासी नसतो. त्याला कोणी तरी बोलावलेले असते, त्याच्या श्रमाचे मोल आगाऊ ठरलेले असते आणि केलेल्या कामावर त्याचे नाव राहील की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे आज ना उद्या उभा राहतो. बोलावणे, करार आणि नाव या तीन अंगांनी असे प्रसंग वाचले असता काय हाती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी धर्मानंद कोसंबी यांचा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झालेला प्रवेश आणि बीड जिल्ह्यातील कपिलधारच्या परिसरातून होणारे ऊसतोड मजुरांचे स्थलांतर ही दोन उदाहरणे येथे एकत्र घेतली आहेत. ही जोडी वरवर विजोड वाटेल. पण तिच्यातील विजोडपणाच अभ्यासकाला उपयोगी पडणारा आहे.

१. ‘परदेश’ या शब्दाची व्याप्ती

मराठीत ‘देश’ हा शब्द राजकीय सीमेपेक्षा जुना आहे. घाटावरचा प्रदेश तो देश आणि घाटाखालचा तो कोकण, असा भेद बोलीत आजही आहे. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या लोकांना महाराष्ट्रात ‘परदेशी’ म्हटले गेले आणि पुढे ते आडनावही झाले. परगाव, परमुलूख, परदेश अशी चढती श्रेणी भाषेने करून ठेवली आहे आणि यांपैकी कोणता शब्द कोठे लागू करावयाचा हे नकाशावरून ठरत नाही. जाणाऱ्याच्या स्थितीवरून ठरते.

कपिलधार हे याचे उत्तम उदाहरण होय. बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगररांगेतील दरीत हे क्षेत्र वसले आहे. ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते, वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी येथे आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येतात. त्यांच्या दृष्टीने कन्नड मुलूख परका नाही. ज्या परंपरेची वचने कन्नडात आहेत, तिचाच विचार मन्मथस्वामींनी मराठीत मांडला. त्यामुळे भाषेची सीमा येथे उंबऱ्यासारखी आहे, भिंतीसारखी नाही. परंतु याच डोंगराळ, कोरडवाहू भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांतील काही पश्चिम महाराष्ट्रात आणि काही कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. यात्रेकरूला जो मुलूख आपला वाटतो, तोच मजुराला परका होतो. सीमा तीच, अंतरही तेच. फरक पडतो तो जाण्याच्या कारणाचा.

२. बोलावणे

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. १८९९ साली बौद्ध धर्माच्या अभ्यासाच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि ते प्रथम पुण्यास आले. गोवा त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत त्यांचा पहिला ‘परदेश’ पुणे हाच ठरतो. पण त्यांच्या ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राचा वाचक पुण्याला परदेश मानीत नाही, कारण भाषा एक आहे. पुढे काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असा त्यांचा दीर्घ प्रवास झाला. त्या प्रवासात त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते शिकण्यासाठी, अनेकदा भिक्षेवर आणि परक्यांच्या औदार्यावर विसंबून गेले.

१९१० साली झालेले अमेरिकागमन मात्र वेगळ्या जातीचे आहे. हार्वर्डचे संस्कृतज्ञ हेन्री क्लार्क वॉरन यांनी बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम अपुरे राहिले. हार्वर्डमधील तत्त्वज्ञानाचे अध्यापक जेम्स वुड्स यांचा हिंदुस्थानात कोसंबींशी परिचय झाला होता. त्या परिचयातून हे बोलावणे आले. येथे बोलावणारा विद्वान आहे, ज्याला बोलावले तोही विद्वान आहे आणि कोसंबींजवळ असलेली विद्या हेच बोलावण्याचे कारण आहे.

ऊसतोडीचे बोलावणे मुकादमाकडून येते. ते विद्येसाठी नसते आणि व्यक्तीसाठीही नसते. कारखान्याला अमुक इतक्या जोड्या हव्या असतात आणि मुकादम त्या जमवितो. तरीही या बोलावण्याला नकार देणे कोसंबींपेक्षा मजुराला कठीण असते. याचे कारण कराराच्या स्वरूपात आहे.

३. करार

कोसंबींच्या बाबतीत नकाराचे स्वातंत्र्य ही केवळ कल्पना नव्हती. कलकत्ता विद्यापीठातील पालीच्या अध्यापनाची नोकरी सोडून त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपयांचे अल्प वेतन पत्करले होते. महाराष्ट्रात राहून बौद्ध विद्येचा प्रसार करावा, ही त्यामागील प्रेरणा होती. म्हणजे अधिक उत्पन्न नाकारून कमी उत्पन्न घेण्याची मुभा त्यांना होती आणि तिचा उपयोगही त्यांनी केला. आधी काम आणि मग वेतन, असा हा व्यवहार होता.

ऊसतोडीत क्रम उलटा आहे. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात खर्च होते आणि मजूर फडावर पोचतो तेव्हा तो कमावण्यासाठी आलेला नसून फेडण्यासाठी आलेला असतो. तोडलेल्या उसाच्या टनावर मजुरी ठरते आणि ती उचलीतून वळती होते. कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ लागतो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर पुढील वर्षाचे जाणे आजच ठरून जाते. म्हणून आगमनाचा क्षण या दोन ठिकाणी दोन अर्थांचा आहे. हार्वर्डला पोचलेल्या मनुष्यापुढे भविष्य मोकळे आहे. फडावर पोचलेल्याचे भविष्य आधीच खर्ची पडलेले आहे. कोपी उभारणे, पाण्याची सोय पाहणे, पहाटे फडात उतरणे, या त्याच्या पहिल्या दिवसाच्या तपशिलात नवलाईला जागा का नसते, याचे उत्तर येथे मिळते. नवलाई ही मोकळ्या माणसाची भावना आहे.

कुटुंबाच्या संदर्भात हा फरक अधिक ठळक होतो. १९१८ साली कोसंबी पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा त्यांनी मुलगा दामोदर यास बरोबर नेले. अकरा वर्षांच्या त्या मुलाचे शालेय शिक्षण तेथे झाले आणि १९२९ साली तो हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून तो जगन्मान्य झाला. वडिलांच्या परदेशातील कामामुळे मुलाचे शिक्षण घडले. फडावर जाणाऱ्या आईबापांबरोबरही मुले जातात. पण शाळेचे वर्ष ऐन मध्यावर असताना ती गाव सोडतात आणि परतेपर्यंत वर्ष सरत आलेले असते. साखरशाळांची सोय झाली असली, तरी गावची शाळा तुटते ती तुटतेच.

४. नाव

तिसरे अंग सर्वांत महत्त्वाचे आहे. हार्वर्डमध्ये कोसंबींचे मतभेद झाले ते राहणीवरून किंवा हवामानावरून नव्हे. ‘विसुद्धिमग्ग’च्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, या प्रश्नावर त्यांचे हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन यांच्याशी पटले नाही आणि १९१२ साली ते स्वदेशी परतले. पुढे ते याच कामासाठी पुन्हा पुन्हा अमेरिकेस गेले. रोमन लिपीतील हे संपादन अखेर १९५० साली, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित करणारे म्हणून कोसंबींचे नाव आहे. तत्पूर्वी १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे त्यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती स्वतःच्या नावाने काढली होती. परक्या संस्थेत जे नाव पूर्णपणे मिळाले नाही, ते त्यांनी आपल्या लिपीत मिळविले, असा या घटनाक्रमाचा अर्थ लावता येतो.

फडावर नावाचा प्रश्न अगदी मुळापासून सुरू होतो. तेथे मनुष्याची गणना ‘कोयता’ या एककाने होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मनुष्य असेल तर अर्धा कोयता. ज्या हत्याराने काम करावयाचे त्याचेच नाव करणाऱ्याला मिळते आणि स्त्रीचे स्वतंत्र श्रम त्या एककात विरघळून जातात. उचल जोडीच्या नावे असली तरी हिशेब बहुधा पुरुषाशी होतो. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत यास लक्षणा म्हणता येईल. परंतु काव्यात लक्षणा अर्थ वाढविते, येथे ती माणूस कमी करते. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने मजुरांची व्यक्तिशः नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम अलीकडे सुरू झाले. त्याचे महत्त्व योजनांच्या लाभापुरते मर्यादित नाही. कोयत्याचे पुन्हा नाव होणे, ही त्यातील मूळ गोष्ट आहे.

५. निष्कर्ष

या दोन उदाहरणांची तुलना करताना कोसंबींचा संघर्ष लहान ठरविण्याचे कारण नाही. उलट, विद्या, कीर्ती आणि नकाराचे स्वातंत्र्य असलेल्या मनुष्यालाही परक्या संस्थेत नावासाठी झगडावे लागले, यावरून ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याच्या स्थितीची कल्पना येते.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी सुचतात. एक, नोकरीनिमित्त झालेल्या परदेशगमनाचे कोणतेही आत्मकथन वाचताना दृश्यवर्णनाआधी बोलावणे, करार आणि नाव यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. मग वर्णनातील उत्साह अथवा उदासी कोठून आली ते आपोआप उलगडते. दुसरी, ‘परदेशगमनाचे साहित्य’ या सदरात सागरपार गेलेल्यांचीच कथने धरण्याचा प्रघात सोडावा. आत्मचरित्र लिहिण्यास लागणारा निवांतपणा आणि लिहिलेल्यावर नाव घालण्याचा अधिकार ज्यांना मिळाला, त्यांचीच आगमने ग्रंथात आली. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या दरीत कन्नड आणि मराठी भाविक एकत्र जमतात, त्याच दिवसांत त्या डोंगरावरील कित्येक घरांना कुलूप लागलेले असते. त्या घरांतील माणसे कोठे पोचली आणि पोचल्यावर त्यांना कोणत्या नावाने हाक मारली गेली, हा मराठीच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे. त्याची सामग्री ग्रंथालयात थोडी आणि गावात फार आहे. ती हंगाम संपून माणसे परतल्यावर, त्यांच्या स्वतःच्या नावानिशी नोंदवून घ्यावी लागेल.