रातपाळीवाल्याची झोप

चाकणच्या कारखान्यात थर्ड शिफ्ट संपवून दुचाकीवरून घरी येताना मोशीच्या अलीकडे मी दुभाजकावर आदळलो. मनगट मोडलं, डोकं हेल्मेटमुळे वाचलं. गर्दीतल्या एकाने पहिलं काय केलं, तर माझ्या तोंडाचा वास घेतला. वास येणार कुठून? मात्र सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातपाय थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकेच सुस्तावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर गाडी वाऱ्यावर.

‘दिवसा झोपायला मिळतं की!’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा झोपून पाहावं. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. पेशींच्या आत ते कसं चालतं हे उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ उजेडावर लागतं. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीर दिवसाच्या तयारीला लागतं, आणि नेमके तेव्हाच आपण अंथरुणाला पाठ टेकतो. मग चार-पाच तासांत टक्क जाग. त्यात कुरिअरवाल्याची बेल, कुकरच्या शिट्ट्या, आणि ‘भरदुपारी लोळतोय’ हा शेजारचा शेरा. माझं तर स्पष्ट मत आहे, रातपाळीवाल्याची झोप ही एकट्याची गोष्टच नाही. ती अख्ख्या घराने सांभाळायची असते.

आमच्याकडे आता खिडकीला जाड काळा पडदा आहे, बेलचं बटण बंद असतं आणि माझा फोन बायकोकडे. घरी येताना काळा गॉगल लावतो; पोरं हसतात, हसू देत. पण गॉगल फक्त बसमध्ये. पेंगत असताना गाडी चालवायचीच नाही. कंपनीची बस असेल तर तीच धरा. चहा रात्री दोननंतर बंद. त्यातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही अंगात असतो, त्यामुळे पहाटेचा कटिंग सकाळची झोप खातो. पहिल्या रातपाळीआधी दुपारी तासदीड तास पडावं. झोप यावी म्हणून सकाळी दारूचा घोट घेणारे आमच्यात कमी नाहीत. त्याने डोळा लागतो, झोप मात्र तुटक होते.

एवढं करूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

एक गोष्ट मात्र कामगाराच्या एकट्याच्या हातात नाही. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकल्या तर शरीर सोसतं. उलट्या फिरवल्या तर जास्त त्रास होतो. अनेक ठिकाणी वेळापत्रक लावणाऱ्याला हे ठाऊकच नसतं. तुमच्या युनियनच्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडा.