रोजच्या पित्तावर चिनी गोळी?

प्रश्न : शांघायला नोकरी करणाऱ्या मुलीने ‘बाओ हे वान’ गोळ्या आणल्यात. मला रोज पित्त होतं. घेऊ का?

उत्तर : रोज नको, ताई. १४व्या शतकातले चिनी वैद्य झू दान्शी यांच्या परंपरेतलं हे औषध जेवण अति झाल्यावर, पोटाला तडस लागून करपट ढेकर येतात तेव्हाचं. मुख्य घटक शानझा, म्हणजे बोराएवढं आंबटगोड लाल फळ. ते मटण पचायला देतात. सोबत मुळ्याचं बी, आंबवलेलं गव्हाचं पीठ आणि संत्र्याची वाळवलेली साल. ती जितकी जुनी, तितकी मोलाची मानतात. गहू चालत नसेल तर टाळाच. हृदयाची किंवा रक्तदाबाची औषधं असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शानझा नको. तुमच्या रोजच्या पित्ताचं कारण आधी शोधायला हवं. वजन घटत असेल, शौचाला काळी होत असेल, तर आजच दाखवा.