स्वतःच्या हाताने : बालकांचा आत्मविश्वास आणि घरातील रोजची कामे

सौंसर तहसिलीतील लोधीखेडा परिसरात कापसाची वेचणी सुरू झाली, की घराघरांतील सकाळ घाईची होते. वेचणीस जाणाऱ्या बाईला उन्हे चढण्यापूर्वी शेत गाठावयाचे असते. त्याआधी भाकरी, पाणी, जनावरे आणि लेकरे एवढे सगळे उरकावे लागते. अशा वेळी तीन वर्षांचे मूल उंबऱ्यावर बसून चपलेच्या पट्ट्याशी झटत असले, तर "दे इकडे, तुले नाही जमत" असे म्हणून आई किंवा आजी तो पट्टा क्षणात लावून टाकते. यात कोणाचा दोष नाही. घाई खरी असते आणि प्रेमही खरे असते. परंतु हाच प्रसंग जेवताना, न्हाताना, कपडे घालताना दिवसातून दहा वेळा घडला, म्हणजे आपल्याला काही जमत नाही असा समज मुलाच्या मनात घर करतो. तो समज बोलून दाखविण्याइतके शब्द त्याच्याजवळ नसतात. पुढे ते हात पुढे करणेच सोडून देते.

याचा परिणाम पहिलीच्या वर्गात दिसतो. नाडीची गाठ सोडता येत नाही, लघवीस जाऊ का असे विचारण्याचा धीर होत नाही, आणि मूल बसल्या जागी ओले होते. वर्गात हशा पिकतो. दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येत नाही. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण होते आणि घरी 'पोट दुखते' असे सांगितले जाते. असे मूल बुद्धीने मंद असते असे मुळीच नाही. त्याला अक्षर ओळखता येईल, पाढाही पाठ होईल. पण त्याआधी शाळेच्या आवारात कोणाच्या मदतीवाचून चार तास काढता आले पाहिजेत, आणि याची तयारी कोणीच करून घेतलेली नसते. शाळेविषयीची नावड पुष्कळदा पुस्तकामुळे सुरू होत नाही. ती नाडीच्या गाठीपासून सुरू होते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बालवयाच्या अवस्था सांगितल्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मुलात स्वायत्ततेची भावना जागी होते; ती दडपली गेली तर तिच्या जागी लाज आणि स्वतःविषयीची शंका येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यानंतरच्या वर्षांत मूल स्वतःहून काही आरंभू पाहते. 'मी करीन' हा त्या वयाचा हट्ट म्हणजे वाढीचे लक्षण होय. त्याला खोडी समजून शिक्षा करणे म्हणजे दात येऊ लागले म्हणून रागावण्यासारखे आहे.

कोसबाडचा अनुभव

हा विचार मराठी मुलखाला नवा नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे हात धुणे, गुंड्या लावणे, टेबल पुसणे, पाणी ओतणे अशा रोजच्या कामांना त्यांनी अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. विवाहानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

मात्र शहरातील बालमंदिर आणि खेड्यातील अंगण यांत मोठे अंतर होते. माँटेसरी पद्धतीची साधने सुबक असत, पण महाग असत. ती घेऊन खेड्यात जाणे शक्य नव्हते, आणि खेड्यातील मूल बालमंदिरापर्यंत येत नव्हते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. मुले येत नाहीत तर बालवाडीनेच मुलांकडे जावे, या साध्या निर्णयातून वस्तीतील अंगणात भरणारी बालवाडी उभी राहिली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द या प्रयोगाशी जोडलेला आहे. कार्यकर्त्या वस्तीत जात, मुलांना गोळा करीत, आणि शिकविण्याचा आरंभ अक्षरांनी न करता हातपाय धुणे, नखे काढणे, केस विंचरणे यांनी करीत. आया व मोठ्या बहिणी कडेला उभ्या राहून पाहत. जे अंगणात घडे, ते हळूहळू घरात शिरे.

१९५७ साली हे कार्य त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली आदी आदिवासी मुले गुरे राखीत, धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी तेथे आकाराला आली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरविली गेली. विकत घेतलेल्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांचा उपयोग झाला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हे सन्मान मिळाले. परंतु या कार्याचे खरे मोल असे, की मुलाच्या वाढीस लागणारी साधने गरिबाच्या घरात आधीच असतात हे त्यांनी दाखवून दिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तिच्यात खिचडी आणि वजनकाटा यांना जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे मुलाच्या हातांना मिळाले असे मात्र सर्वत्र म्हणता येणार नाही.

घरात आहे तेवढ्यावर

या परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळे हिवाळ्यात आणि मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर घरात येतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाजवळ मोठ्या माणसाने अंगठ्याने एवढीशी चीर पाडून दिली, तर तीन वर्षांचे मूल उरलेली साल स्वतः काढू शकते. साल काढणे, फोडी सुट्या करणे, पांढरे दोरे वेचणे, बी काढून वाटीत ठेवणे आणि एक फोड आजीला नेऊन देणे, एवढ्या एका फळात बोटांचा व्यायाम, मोजणी, स्वच्छता आणि वाटून खाणे हे सारे येते. बाजारातले कोणतेही खेळणे याहून अधिक काही देत नाही. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगांचे सोले काढावयाचे असतात. चार वर्षांचे मूल आईशेजारी बसून मूठभर शेंगा सहज सोलते. निवडावयास घेतलेल्या डाळीतील खडा त्याच्या कोवळ्या नजरेला मोठ्यांच्या आधी दिसतो. भाकरीचा तुकडा मोडून वरणात कालविणे, आपले ताट उचलून नेणे, पायपुसणे झटकणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, तुळशीला तांब्याभर पाणी घालणे ही कामेही याच जातीची आहेत.

शिकविण्याची रीत मात्र ध्यानात घ्यावयास हवी. काम करून दाखविताना फार बोलू नये. हात सावकाश चालवावे आणि मुलाला पाहू द्यावे. बोलणे आणि करणे एकाच वेळी चालले तर मूल तोंडाकडे पाहते, हातांकडे पाहत नाही. कामाचे लहान भाग पाडावे आणि शेवटचा भाग आधी मुलाकडे सोपवावा. चपलेचा पट्टा कडीतून मोठ्याने ओवून द्यावा, ओढून घट्ट करणे मुलाने करावे. ते साधले म्हणजे ओवणेही त्याच्याकडे द्यावे. अशाने प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो. सदऱ्याच्या गुंड्या खालून लावावयास शिकवाव्या, कारण खालची गुंडी मुलाला दिसते. गळ्याजवळची दिसत नाही. पाणी ओतावयास शिकविण्याआधी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ज्वारी ओतू द्यावी. सांडलेली ज्वारी वेचता येते, आणि वेचणे हाही एक धडाच असतो. त्यानंतर लहान गडू द्यावा, तोही अर्धाच भरून. पाणी सांडले तर रागावण्याऐवजी हाती फडके द्यावे.

राहिला प्रश्न वेळेचा. वेचणीच्या सकाळी हे सर्व शक्य नाही, आणि तसा आग्रह कष्टकरी आईला धरणे अन्यायाचे होईल. सकाळी पट्टा आईनेच लावावा. संध्याकाळी चूल पेटण्यापूर्वीची दहा मिनिटे मात्र त्याच चपलेसाठी ठेवता येतात. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे वेळही असतो आणि धीरही. अडचण एवढीच, की नातवासाठी सर्व काही करून देण्यात त्यांना माया वाटते. त्यांची समजूत काढण्याचे नाजूक काम सुनेवर न सोपविता अंगणवाडी कार्यकर्तीने ते घरभेटीत करावे.

मुलगा आणि मुलगी यांत येथे एक उलट अन्याय होतो. पाच वर्षांच्या मुलीकडून केर, भांडी, धाकट्याला कडेवर घेणे यांची अपेक्षा केली जाते, आणि तिच्याच वयाच्या भावाला पाण्याचा पेलाही हातात आणून दिला जातो. पहिलीवर तिच्या वयाला न पेलणारा भार पडतो. दुसरा परावलंबी होतो. ताट उचलणे मुलाच्याही हाती यावे आणि खेळण्याचा वेळ मुलीच्याही.

काम आणि मजुरी यांतील सीमाही स्पष्ट असावी. मुलाला हवे तेव्हा सोडता येते आणि ज्यावर घराची कमाई अवलंबून नसते, ते त्याच्या वाढीचे काम. कापसाच्या ओळीत मुलाला पिशवी बांधून उभे करणे ही वाढ नव्हे. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला हातभार लावण्यापुरती तीत सवलत आहे. फवारणी झालेल्या शेतात लहान मुलांना नेऊ नये. औषधाचे रिकामे डबे घरात कोणत्याही कामास वापरू नयेत; स्वतः पाणी घेण्याची सवय लागलेले मूल डबा कशाचा हे पाहत नाही. विळा, पेटती चूल, विहिरीचा काठ यांपासून त्याला दूरच ठेवावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती सरकी, शेंगदाणे, चिंचोके देऊ नयेत. ते नाकात किंवा श्वासनलिकेत अडकतात.

घरची बोली

लोधीखेड्याच्या मुलांपुढे आणखी एक अडचण आहे, आणि ती हातांची नसून जिभेची आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी बोली आणि कचेरीत हिंदी अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. मोठी माणसे दोन्ही सहज बोलतात. परंतु तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत "मले पानी पाह्यजे" म्हणाले आणि "ठीक से बोलो" असे ऐकावे लागले, तर ते पाणी मागणेच बंद करते. ज्याने घरी स्वतः गडूने पाणी घेण्याचे धैर्य मिळविले, तेच येथे तहानलेले बसते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे. धोरण पूर्णपणे अमलात येण्याची वाट न पाहताही कार्यकर्तीला एक गोष्ट करता येते. मुलाने बोलीत मागितले तर आधी पाणी द्यावे, आणि देताना हिंदी शब्द सहज उच्चारावा. चूक दाखविण्याची घाई नसावी. ऐकून ऐकून मूल काही महिन्यांत दुसरी भाषाही बोलू लागते.

चारचौघांत बोलण्याचा सराव या भागातील एक सण आपणहून करून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकांचा लाकडी नंदी सजवून मुले दारोदार जातात, आणि घरमालक त्यांना बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ देतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचे मानले जाते. एरवी पाहुण्यासमोर आईच्या पदराआड लपणारे मूल त्या दिवशी परक्याच्या दारात उभे राहते, नाव विचारले तर सांगते आणि मिळालेले पैसे मोजते. अलीकडे काही पालक नंदीची दोरी स्वतःच धरून मुलाला मागे चालवितात आणि त्याच्या वतीने बोलतातही. नंदी मोठा नि महाग असला की असे हटकून होते. दोरी मुलाच्या हाती राहील एवढा लहान नंदी पुरेसा आहे. पालकांनी चार पावले मागे राहावे. वर्षाच्या इतर दिवशीही शेजारून विरजण आणणे, दुकानदाराला निरोप सांगणे असे लहान निरोप चार-पाच वर्षांच्या मुलाकडे, रस्ता ओलांडावा लागत नसेल तर, सोपविता येतात.

मुलाचे काम झाल्यावर काय बोलावे, यालाही महत्त्व आहे. 'शाब्बास, किती हुशार' असे प्रत्येक गोष्टीला म्हटले तर मूल कामाकडे न पाहता मोठ्यांच्या तोंडाकडे पाहू लागते. 'सगळ्या गुंड्या तूच लावल्यास' एवढे म्हणणे पुरे, कारण ते खरे असते आणि मुलाला त्याची खूण पटते. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर यांची भीती घालून काम करून घेणे फार रूढ आहे. त्याचा परिणाम असा, की पुढे लसीकरणाच्या दिवशी तेच मूल अंगणवाडीच्या दारातून पळते, आणि परिचारिकेला दोष दिला जातो.

अंगणवाडीत याकरिता निराळा खर्च लागत नाही. थैली अडकविण्याचा खिळा मुलाच्या छातीइतक्या उंचीवर ठोकावा. पाण्याचा माठ ठेंगण्या ओट्यावर ठेवून शेजारी दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात धुण्याचा साबण जाळीच्या पिशवीत बांधून टांगावा, म्हणजे तो घसरत नाही. दाराशी जमिनीवर पावलांच्या जोडखुणा आखाव्या. चपला त्यांवर काढल्या की उजवी-डावी आपोआप कळते. जेवणाआधी ताटल्या वाटण्याचे काम रोज दोन मुलांकडे पाळीने यावे, आणि ज्या मुलाचा हात अधू आहे किंवा जे उशिरा शिकते त्याची पाळी गाळू नये. त्याला एकाच ताटलीचे काम द्यावे. मूल सहा वर्षांचे होऊन पहिलीत जाते, तेव्हा त्याच्या वजनाच्या नोंदीसोबत आणखी चार ओळी लिहून शिक्षकांकडे पाठविता येतील : नाडी स्वतः सोडतो की नाही, गुंड्या लावतो की नाही, पाणी व लघवीसाठी कोणत्या शब्दांत विचारतो, आणि कोणते काम दिले असता रडणे थांबवितो.