फीडचा पत्ता कोणाच्या हातात?

चि. सायली,

पॉडकास्टसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारताना तू यादी पाठवलीस, त्यात रेकॉर्डिंगची, एडिटिंगची आणि भाग लोकांपर्यंत पोचवण्याची सॉफ्टवेअर एकाच रांगेत बसवली आहेस. माझी हरकत तिथेच आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नाही जमलं तर पुढच्या महिन्यात दुसरं घेशील. झालेल्या भागांना धक्का लागत नाही. भाग लोकांपर्यंत पोचवणारं होस्टिंग चुकलं तर मात्र जमवलेले श्रोते हातचे जातात. म्हणून डोकं खर्च कर ते होस्टिंगवर, आणि ते निवडताना एवढंच विचार: उद्या इथून बाहेर पडायचं झालं तर सोबत काय काय नेता येईल?

हे पटायला होस्टिंग तुझ्यासाठी जो फीड बनवतं, तो आतून कसा असतो ते एकदा बघ. 'पॉडकास्टिंग' हा शब्द २००४ साली 'गार्डियन'मधल्या एका लेखात आला, पण त्याच्या तीनेक वर्षं आधीच डेव्ह वायनर या प्रोग्रॅमरने आरएसएस या फीडच्या स्वरूपात 'एन्क्लोजर' नावाची खूण घालून ठेवली होती. आजही सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. फीड म्हणजे साध्या मजकुराची फाइल. तीत प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि एन्क्लोजरची ओळ: ऑडिओ कुठे ठेवला आहे तो पत्ता, फाइल किती बाइटची आणि कुठल्या प्रकारची. शेजारी जीयूआयडी, म्हणजे त्या भागाचा कायमचा ओळखक्रमांक. अ‍ॅपल पॉडकास्ट्ससारखं अ‍ॅप तुझा ऑडिओ स्वतःकडे ठेवत नाही. ते फीड वाचतं आणि ऐकणाऱ्याला त्या पत्त्यावर धाडतं. होस्टिंग बदलताना जुन्या फीडवरून नव्या फीडकडे ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याची सूचना, लावून मिळाला आणि जीयूआयडी तेच राहिले, तर श्रोत्याला पत्ताही लागत नाही. जीयूआयडी बदलले तर जुने सगळे भाग नवे म्हणून त्याच्या फोनवर पुन्हा येऊन आदळू शकतात. आणि रिडायरेक्टच मिळाला नाही, तर तुझे श्रोते जुन्या पत्त्यावर वाट बघत बसतात. नवा भाग आल्याचं त्यांना कळतच नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या कंपनीच्या मदतपानावर रिडायरेक्टची सोय शोध. सापडली नाही तर पुढे जाऊ नकोस. फीड स्वतःच्या डोमेनवर ठेवू देणारं होस्टिंग मिळालं तर उत्तमच. फीडमधला मालकाचा ईमेलही तुझा असू दे, एडिटिंग करून देणाऱ्या मित्राचा नको.

हे घाबरवणं वाटेल, पण गेल्या काही वर्षांतच बघ. स्टिचर ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झालं, गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये. एवढी मोठी दुकानं उठली तरी ज्यांचा फीड स्वतःच्या ताब्यात होता, त्यांचे कार्यक्रम बाकीच्या अ‍ॅपवर त्या दिवशीही वाजत होते. अँकर हे फुकट होस्टिंग २०१९ मध्ये स्पॉटिफायने घेतलं आणि तेव्हापासून त्याची पाटी दोनदा बदलली. तू म्हणशील, फुकट आहे, एका जागी सगळं होतं, नवशिक्याला आणखी काय हवं? बरोबर आहे, आणि ही सोय फीडही देते, रिडायरेक्टही. खुशाल तिथून सुरू कर. फक्त मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या हार्ड डिस्कवर राहू दे. एका तासाची मोनो डब्ल्यूएव्ही फाइल साधारण ३०० एमबीची होते, आणि ६४ केबीपीएसची एमपी३ ३० एमबीच्या आत. श्रोत्याला दुसरी पुरते, तुला पहिली लागेल.

यूट्यूबचा मुद्दा जास्त वजनदार आहे. मराठी श्रोता बराचसा तिथेच आहे, तर फीडची कटकट कशाला? यूट्यूबवर टाकच, पण फक्त तिथेच नको. तिथले सबस्क्रायबर उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि नियम बदलले तर तुझ्या हातात काही उरत नाही. दोन्हीकडे टाकायला दर भागामागे थोडा वेळ जास्त जाईल, तो जाऊ दे.

आता रेकॉर्डिंग, त्यावर फार लिहीत नाही. ऑडॅसिटी घे. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं, फुकट आणि खुल्या स्रोताचं. दिसायला जुनाट आहे खरं, पण तुला लागणार काय? कापणं, जोडणं, आवाज सारखा करणं. बोलायच्या आधी पाचेक सेकंद गप्प राहून खोलीचा आवाज घे. तेवढाच तुकडा निवडून त्याचा नॉइज प्रोफाइल घेतलास की पंख्याची घरघर पुष्कळशी निघते. हात जरा जड पडला तर मात्र माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यापेक्षा रेकॉर्ड करताना पंखाच बंद कर.

पहिला भाग चढवलास की मला फीडचा पत्ता पाठव; अ‍ॅपची लिंक नको.

तुझा,
मामा