वजन घटलं, तरी तोल गेला!

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली मुंबईत प्रदर्शनात मांडलं होतं. त्याबद्दल वाचलं आणि मला प्रश्न पडला, घरी बांधलेल्या विमानाचा तोल काढतात कसा? उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्येच आहे!

रिकामं विमान लेव्हलमध्ये आणून तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे. समजा, नाकाच्या टोकापासून ६० सेंमीवरच्या पुढच्या चाकावर ६० किलो आले, २०० सेंमीवरच्या दोन चाकांवर मिळून २४०. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट. ३६०० अधिक ४८००० बरोबर ५१६००, भागिले ३००. गुरुत्वमध्य १७२ सेंमीवर.

आता दोन माणसं (१५० किलो, १९० सेंमीवर), पेट्रोल (३० किलो, १७० वर) आणि बॅग (१५ किलो, २५० वर) चढवा. उत्तर १७९.७. डिझायनरने मागची मर्यादा १८० दिली असेल, तर पास!

पण टाकी संपत आल्यावर? तेच गणित पेट्रोलशिवाय करा : १८०.३. नापास! शेपूट जड झालं की नाक आवरत नाही, स्टॉलमधून बाहेर येणं कठीण होतं. जमिनीवर मात्र हेच विमान तीन चाकांवर शहाण्यासारखं उभं असतं.

म्हणून गणित दोनदा करायचं, भरल्या टाकीचं आणि रिकाम्या टाकीचं. बॅग त्यानंतर.